जोंधळ्याचा घट

सोलापूर जिल्ह्याची ओळख परक्या माणसास चादरीवरून होत असली, तरी तेथील रहिवाशास ती भाकरीवरून पटते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत पिकणारी मालदांडी ज्वारी, तिची पांढरीशुभ्र भाकरी, थंडीच्या दिवसांतला हुरडा आणि कडब्यावर पोसलेलीं जनावरें हें सारें त्या मुलुखाच्या जीवनाशीं इतकें एकजीव झालें आहे कीं, हें धान्य मूळचें आपलें नव्हे ही गोष्ट कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. वस्तुतः जोंधळा हा आफ्रिकेचा. पूर्व सुदानांत इसवी सनापूर्वीं ३००० वर्षांच्या सुमारास तो माणसाच्या शेतांत आला होता, हें तेथील खापरांवर उमटलेल्या दाण्यांच्या ठशांवरून कळून आलें आहे. आणि त्यानंतर हजारेक वर्षांनीं तो भारतांत पोंचला. ज्या भूमींतून तो आला तेथें मात्र तो नुसता खाल्ला जात नाहीं, प्यालाहि जातो. बुर्किना फासोमधील दोलो, घानामधील पितो, दक्षिण आफ्रिकेंतील उम्कोंबोथी या सर्व जोंधळ्याच्या बिअरच होत, आणि त्या परंपरेनें बायकांच्या हातच्या आहेत. धान्य तेंच, ऊन तसेंच, मातीचें मडकेंहि तसेंच. मग समुद्र ओलांडून दाणा आला आणि त्याचें पेय मागें कां राहिलें? सोलापुरास जोंधळ्याची बिअर कां झाली नाहीं, हा प्रश्न प्रथमदर्शनीं थट्टेचा वाटेल. परंतु त्याचा माग काढूं लागलें म्हणजे तो बराच दूरवर घेऊन जातो.

मद्याचा विषय निघाला कीं सभ्य घरांत आवाज आपोआप खालीं येतो, आणि एका अर्थीं तें योग्यहि आहे. दारूनें धुळीस मिळालेला संसार ज्यांनीं जवळून पाहिला आहे, त्यांस या विषयांतील रसिकता पटण्याजोगी नाहीं. पानाची तरफदारी करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नव्हे. घरांतल्या मडक्यांत धान्य आंबवून, एक घाणा बिघडला तर दुसरा लावून, माणसानें जें ज्ञान मिळविलें तें आपल्याकडे कोठपर्यंत गेलें आणि कोठें अडलें, एवढेंच येथें पहावयाचें आहे.

सुरा म्हणजे भट्टी लावून गाळलेली दारू, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाहीं. प्राचीन ग्रंथांतील सुरा ही मुख्यतः धान्य आंबवून केलेली, म्हणजे आजच्या भाषेंत बिअरच्या जातीची होती. वैदिक सौत्रामणी यागांत सुरेसाठीं जी सामग्री सांगितली आहे तींत तोक्म, म्हणजे मोड आलेले जव, हें एक द्रव्य आहे, आणि नग्नहु नांवाचें विरजण हें दुसरें. धान्यास मोड आणून त्याची गोडी बाहेर काढावयाची ही युक्ति युरोपीय बिअरचा प्राण आहे. ती आपल्या यज्ञमंडपांतहि अपरिचित नव्हती हें पाहून कोणासहि कौतुक वाटेल.

पण प्रमाणांसह पहिली व्यवस्थित हकीकत मिळते ती कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत. हा ग्रंथ १९०५ सालीं म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहांत शामशास्त्री यांच्या हातीं लागला व १९०९ सालीं छापून निघाला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्ष नामक अधिकाऱ्याचें एक प्रकरण आहे. तेथें मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार दिले आहेत, आणि त्यांपैकीं मेदकाची कृति अशी: पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक आणि किण्व तीन प्रस्थ. चार प्रस्थांचा आढक व चार आढकांचा द्रोण हें कोष्टक लावलें म्हणजे पाणी सोळा भाग, तांदूळ दोन भाग व किण्व तीन भाग असा हिशेब होतो. तांदळाहून किण्व जास्त! घरांत दुधास विरजण लावणाऱ्या कोणत्याहि बाईस हें प्रमाण विलक्षण वाटेल. त्याचा उलगडा किण्वाच्या कृतींत आहे. उडीद एक द्रोण, कच्चे किंवा शिजविलेले, वाटून घ्यावयाचे. त्यांत तृतीयांशानें अधिक तांदूळ घालावयाचे. आणि मोरटादि वनस्पति एकेक कर्ष मिसळून हें सर्व बांधून ठेवावयाचें. म्हणजे किण्व हें नुसतें विरजण नव्हे, तें स्वतः धान्यच आहे. झारखंडांत हंडिया नांवाची भाताची बिअर करण्यासाठीं आजहि तांदळाचें पीठ व रानांतल्या मुळ्या यांच्या गोळ्या वळून वाळवून ठेवतात. त्या गोळ्यांत बुरशी आणि यीस्ट ह्या दोन्ही जीवजाति नांदतात. बुरशी पिष्टाची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचें मद्य करतें. कौटिल्याचें किण्व याच कुळांतलें असावें असें मानण्यास जागा आहे.

आम्हांस या प्रकरणांत सर्वांत लक्षणीय वाटतें तें आसवाबद्दलचें एक लहानसें विधान. कवठ, काकवी व मध यांचें प्रमाण सांगून झाल्यावर ग्रंथकार म्हणतो कीं, पाव हिस्सा वाढविला तर आसव उत्तम प्रतीचें होतें आणि पाव हिस्सा कमी केला तर कनिष्ठ प्रतीचें. वरवर पाहतां ही बाजारांतली प्रतवारी आहे. परंतु असें वाक्य लिहिलें जाण्यापूर्वीं कोणी तरी तीन घडे शेजारीं शेजारीं मांडलेले असले पाहिजेत. एकांत बेताचें, दुसऱ्यांत अधिक, तिसऱ्यांत उणें. आणि मग तिन्ही चाखून पाहिलेले असले पाहिजेत. ते घडे मांडणारा कौटिल्य खास नव्हे. सुरेचें व किण्वाचें साहित्य जमविण्याचें काम स्त्रियांनीं व मुलांनीं करावें असें त्याच प्रकरणांत सांगितलें आहे, त्यावरून हें ज्ञान कोणाच्या हातांत होतें याचा तर्क करतां येतो.

हा सर्व व्यवहार राजाच्या कडक देखरेखीखालीं होता. नेमल्या जागेबाहेर मद्य करणारास किंवा विकणारास सहाशें पण दंड होता, आणि पानगृहांत कोण किती उधळतो हें पाहण्यास हेर बसत. परंतु त्याच कौटिल्यानें, ज्याच्या राज्यांत मुंगीहि जकात चुकवून जाऊं शकली नसती, गृहस्थांस एक सवलत ठेवली. घरच्या कार्यप्रसंगीं कुटुंबवत्सल माणसानें श्वेतसुरा करावी, औषधासाठीं अरिष्ट करावें, त्यास परवानगी असावी. आणि उत्सव, समाज, यात्रा यांच्या वेळीं चार दिवस मोकळीक असावी. विक्रीचा मक्ता राजाकडे, पण घरचा घट घरांत, असा हा भेद आहे. तो ध्यानांत ठेवावा, कारण पुढें दोन हजार वर्षांनीं नेमका हाच भेद पुसला गेला.

मध्यंतरींच्या काळांत दक्षिणेंत या विद्येचें काय झालें? सोलापुरापासून फार दूर नसलेल्या कल्याणीस चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इसवी सन ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या क्रीडांमध्यें मदिरापानाचीहि क्रीडा वर्णिली आहे, आणि द्राक्षें, ऊंस, ताड, खजूर अशा नाना वस्तूंपासून झालेलीं पेयें तींत येतात. त्याच शतकांत त्याच कल्याणींत बसवेश्वरांच्या भोंवतालीं जमलेल्या शरणांमध्यें हेंडद मारय्या नांवाचा एक ताडीविक्या होता. त्याचीं कानडी वचनें आजहि वाचलीं जातात. म्हणजे राजवाड्यापासून गुत्त्यापर्यंत पेयें होतीं. जोंधळ्याचें पेय मात्र या मुलुखाच्या नांवास कधींच चिकटलें नाहीं.

याचें एक कारण आकाशांत आहे. सोलापूर हा अवर्षणाचा टापू. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें लोकांस खुलीं केलीं, ही कथा महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. त्या कोठारांतलें धान्य म्हणजे माणसांचा जीव होता. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ याच मुलुखावरून गेला, आणि १८९६ व १८९९ सालींहि पुन्हां तीच वेळ आली. जेथें एका पावसाच्या हुलकावणीनें चूल थंड पडते, तेथें भाकरीचें धान्य मडक्यांत आंबविण्याची चैन कोणास सुचावी? म्हणून इकडच्या माणसानें तहानेसाठीं धान्याकडे न पाहतां झाडाकडे पाहिलें. ओढ्याकांठची शिंदी कोणी पेरीत नाहीं, तिला खत घालीत नाहीं, आणि तिचा रस मडक्यांत उतरतांच आपोआप आंबूं लागतो. शिंदीचा रस आंबविणें ही कला नव्हेच. तो चुना लावून न आंबूं देणें ही कला आहे. जी वस्तु फुकट व आयती मिळते तिच्यावर प्रयोग होत नाहींत.

दुसरें कारण दाण्यांतच आहे, आणि तें थोडें सविस्तर सांगण्यासारखें आहे. कोणत्याहि धान्यांतील पिष्टाची साखर झाल्यावांचून त्याचें मद्य होत नाहीं. धान्यास मोड आले कीं पिष्ट फोडणारें एक पाचक द्रव्य त्यांत उत्पन्न होतें. मोडाचें धान्य वाळवून, भरडून, ऊन पाण्यांत ठेवलें म्हणजे तें द्रव्य आपलें काम करूं लागतें. जवाचें पिष्ट साठ-पासष्ट अंश उष्णतेस फुगून मऊ होतें, आणि तेवढ्या उष्णतेंत त्याचें पाचक द्रव्य तग धरतें. म्हणून जवाची बिअर सरळ मार्गानें होते. जोंधळ्याचें पिष्ट मऊ व्हावयास सत्तरच्या आसपास किंवा त्याहूनहि अधिक उष्णता लागते, आणि तेवढ्यांत पाचक द्रव्याचा मोठा भाग नष्ट होतो. बेतानें तापवावें तर पिष्ट कच्चें राहतें. खूप तापवावें तर पाचक गेलेलें असतें. शिवाय जोंधळ्याच्या कोंवळ्या मोडांत विषारी अंश असतो, जो कोंवळी ज्वारी खाऊन दगावलेल्या गुरांच्या रूपानें आपल्या शेतकऱ्यास चांगला परिचित आहे.

आफ्रिकेंतल्या बायकांनीं ही अडचण ज्या रीतीनें सोडविली ती पाहून मन थक्क होतें. मोडाचें पीठ पाण्यांत कालवून त्या कांहीं वेळ स्थिर ठेवतात. वर जी निवळ येते तींत पाचक द्रव्य उतरलेलें असतें. ती हलकेच काढून बाजूस ठेवतात. तळचा गाळ खळखळा शिजवितात, म्हणजे पिष्टहि मऊ होतें व मोडाचें विषहि वाफेवाटे जातें. मग तो गाळ कोमट झाला कीं निवळ पुन्हां त्यांत मिसळतात. उष्णतामापक यंत्र नाहीं, रसायनशास्त्राचें पुस्तक नाहीं. किती घाणे वायां गेल्यावर ही निवळ वेगळी काढण्याची युक्ति कोणाला सांपडली असेल याची कल्पनाच करावी. अनेक ठिकाणीं या सर्वांच्या आधीं वा मध्यें एक टप्पा आंबट होण्याचाहि असतो. दह्यांत असतात त्या जातीचे जीवाणु मिश्रण आंबट करतात आणि त्या आंबटपणामुळें दुसरे उपद्रवी जीव त्यांत वाढूं शकत नाहींत.

आणि हा आंबट टप्पा सोलापूरकरास सांगावयास नको, कारण तो त्याच्या घरांत आहे. त्याचें नांव आंबील. मार्गशीर्षाच्या अमावास्येस, जिला लातूर, धाराशिव व सोलापूर या भागांत वेळ अमावास्या म्हणतात, सारें गांव शेतांत जातें, पांडवांची पूजा होते, आणि भज्जी-भाकरीबरोबर जोंधळ्याच्या पिठाची, ताक घालून आंबविलेली आंबील मडक्यांतून वाढली जाते. आमच्या मतें आंबील म्हणजे जोंधळ्याच्या बिअरचा अर्धा रस्ता होय. तीच आंबट करण्याची क्रिया, तेंच शिजविणें, तेंच मडकें. मोडाचें पीठ तेवढें नाहीं, म्हणून साखर नाहीं, आणि साखर नाहीं म्हणून मद्य नाहीं. दख्खनच्या गृहिणीनें हा रस्ता जेथें धान्याचें अन्न राहतें तेथपर्यंत चालून पाहिला, आणि तेथेंच ती थांबली.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांत या मडक्याची प्रयोगशाळा झाली. पाश्चरनें १८७६ सालीं बिअरच्या रोगांवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यांत एमिल ख्रिश्चन हान्सेन यानें यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी वाढवून दाखविली. घाणा कधीं साधतो व कधीं बिघडतो याचें गूढ त्यानें बरेंचसें उकललें. पण आमच्या विषयाशीं अधिक लागू असलेली गोष्ट डब्लिनची आहे. तेथील गिनेस कारखान्यांत १८९९ सालीं विल्यम गॉसेट नांवाचा तरुण रसायनज्ञ नोकरीस लागला. त्यापुढें प्रश्न असा पडला कीं, प्रयोग महाग, म्हणून थोडे. तर चार-सहा घाण्यांवरून किंवा शेताच्या चार-सहा तुकड्यांवरून किती खात्रीनें बोलावें? कारखान्याच्या नियमाप्रमाणें त्यास स्वतःच्या नांवानें लिहितां येईना, म्हणून १९०८ सालीं 'स्टुडंट' म्हणजे 'विद्यार्थी' या टोपणनांवानें त्यानें आपलें उत्तर छापलें. थोड्या नमुन्यांचें हें गणित आज औषधांच्या परीक्षेपासून शेतकीपर्यंत सर्वत्र वापरलें जातें. कौटिल्याचे तीन घडे आणि गॉसेटचे मोजके नमुने यांत जात एकच आहे. फरक एवढाच कीं डब्लिनचे आंकडे वहींत उतरले आणि सर्वांच्या मालकीचे झाले.

आपल्याकडे वही उघडण्याच्या वेळींच दार बंद झालें. १८७८ सालच्या मुंबई अबकारी कायद्यानें परवान्यावांचून मद्य करणें गुन्हा ठरविला. झाडावर कर बसला, ताडी काढण्यास परवाना लागला, आणि १८९२ सालीं तर ठाणें-कुलाब्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरहि निर्बंध आला. सरकारास लोकांचें व्यसन सोडवावयाचें नव्हतें; त्यास उत्पन्न एका नळांतून वहावयास हवें होतें. कौटिल्यानें विक्री आणि घरचा घट यांत जो भेद ठेवला होता तो या व्यवस्थेंत उरला नाहीं. परिणाम असा झाला कीं, ज्ञान लपून राहिलें, आणि लपलेलें ज्ञान नेहमीं नासतें. हातभट्टी ही त्याचीच संतति. तिच्यांत प्रयोग आहे, पण तो घाईचा, अंधारांतला. कोणी आंकडे ठेवीत नाहीं, कारण आंकडे म्हणजे पुरावा.

हाच डाव आफ्रिकेंतहि खेळला गेला. १९०८ सालच्या नाताळच्या कायद्यानें डर्बन शहराच्या नगरपालिकेस जोंधळ्याच्या बिअरचा मक्ता मिळाला आणि घरीं बिअर करणाऱ्या बायका गुन्हेगार ठरल्या. १९२९ सालीं लोकांनीं नगरपालिकेच्या पानगृहांवर बहिष्कार घातला, आणि १९५९ च्या जूनमध्यें केटो मॅनर वस्तींतील बायका त्या पानगृहांवर चालून गेल्या. आतां सोलापूर पहा. १९३० च्या मे महिन्यांत गांधीजींच्या अटकेची बातमी आली, आणि ८ तारखेस लोक रूपाभवानीच्या बाजूस शिंदीचीं झाडें तोडावयास निघाले. पोलिसांशीं झगडा झाला, गोळीबार झाला. १२ तारखेस शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला. आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे हे चौघे येरवड्यास फांशीं गेले. राज्यकर्ते एकाच जातीचे, करहि त्याच जातीचा. तरी डर्बनच्या बाया आपला घट परत मागत होत्या, आणि सोलापूरचे लोक झाडच मुळासकट उपटून टाकूं पहात होते. हा भेद स्वभावाचा नाहीं. डर्बनच्या बाईस बिअर ही स्वतःच्या हातची कमाई होती. सोलापूरच्या गिरणी-कामगाराच्या बायकोस शिंदी म्हणजे नवऱ्याचा पगार जेथें बुडे तो गुत्ता होता. ज्या घटावर बाईचा हात नाहीं, त्याचा तिनें कैवार घ्यावा तरी कशासाठीं? १९३० सालीं झाडावर पडलेली कुऱ्हाड आम्हांस न्याय्य वाटते.

स्वराज्य आल्यावर १९४९ सालीं मुंबईचा दारूबंदीचा कायदा झाला. पुढें त्यांतली बंदी सैल होऊन परवान्यांची व्यवस्था आली, तरी घरच्या घटास त्यांत जागा नव्हती. इतरत्र चक्र उलट फिरत होतें. इंग्लंडांत घरीं बिअर करण्यास लागणारा परवाना १९६३ सालीं रद्द झाला, आणि अमेरिकेनें १९७८ सालीं, म्हणजे आमच्या अबकारी कायद्यास बरोबर शंभर वर्षें भरलीं तेव्हां, घरगुती बिअर करमुक्त केली. त्या देशांतल्या अनेक लहान कारखान्यांचा आरंभ अशाच घरांतल्या मडक्यांपासून झाला. महाराष्ट्रांत मात्र जोंधळ्याची आठवण सरकारास झाली ती भलत्याच वाटेनें. २००७ सालीं धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांस अनुदान देण्याचें धोरण आलें. भाकरीच्या धान्याची दारू कां, म्हणून त्यावर मोठें वादळ उठलें. दामाजीपंतांच्या मुलुखांत तें उठावें हें साहजिकच होतें. परंतु हजारों पोत्यांचा कारखाना आणि घरांतला एक घडा यांतला भेद त्या वादांतहि कोणी काढला नाहीं.

जोंधळ्यावर पद्धतशीर प्रयोग सोलापुरांत झालेच नाहींत असें मात्र नव्हे. ते मडक्यांत न होतां शेतांत झाले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत, शिंदीचीं झाडें तुटलीं त्याच सुमारास, याच जिल्ह्यांतील मोहोळ येथें स्थानिक मालदांडींतून निवडीनिवडीनें एक वाण वेगळें काढण्यांत आलें. एम ३५-१ या नांवानें तें दख्खनभर पसरलें, आणि नंतर कितीतरी नवीं वाणें येऊनहि रब्बीच्या कोरडवाहू रानांत त्याचा मान कायम राहिला. तेथें ताटें तुलनेनें पाहिलीं गेलीं, निवड झाली, नोंदी राहिल्या. आंबिलीच्या मडक्याची अशी नोंद कोणी ठेवल्याचें दिसत नाहीं, आणि ती ठेवण्यास तर कोणताहि कायदा आड येत नाहीं. पीठ किती, ताक किती, रात्री किती, त्या रात्रींची थंडी किती. एक मडकें नेहमींच्या बेताचें, एकांत ताक पाव हिस्सा अधिक, एकांत पाव हिस्सा उणें. वेळ अमावास्येस शेतावर माणसें पुष्कळ असतात, आणि तिन्ही मडक्यांविषयीं मत द्यावयास त्यांतलें कोणीहि मागें राहणार नाहीं.